ससा शिंकतोय, काय करू?

"डॉक्टर, आमच्या सशाला सर्दी झालीय. मुलीचं अँटिबायोटिकचं सिरप फ्रिजमध्ये आहे. त्यातलं थेंबभर देऊ का?"

पावसाळा लागला की असा फोन ठरलेला. विचारणारी आई काळजीपोटीच विचारते आणि विचारते हे फार चांगलं करते, कारण न विचारता देणारी घरंही पुष्कळ आहेत. तेव्हा आधी उत्तर देते: देऊ नका. थेंबभरही नको. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी सगळ्याच आईबाबांशी थोडं मोकळेपणानं बोलायचंय. कारण ससा घरात येतो तो बहुतेक वेळा मुलांच्या हट्टापायी. त्याचं नाव मूल ठेवतं, लाड मूल करतं, गाजर मूल भरवतं. त्यामुळे त्याच्या दुखण्याखुपण्याकडे लक्ष देणंही मुलाचंच काम, असं आपण नकळत धरून चालतो. माझं सांगणं एवढंच आहे की ससा खुशाल मुलाचा असू दे, त्याच्या श्वासाची जबाबदारी मात्र घरातल्या मोठ्या माणसाची.

असं का म्हणते ते सांगते. आपलं नाक चोंदलं की आपण तोंडानं श्वास घेतो. रात्रभर घोरतो, सकाळी घसा कोरडा पडतो, पण निभावतं. सशाचं तसं निभावत नाही. त्याच्या घशाची ठेवणच अशी आहे की श्वासनलिकेच्या तोंडावरची झडप मऊ टाळूच्या वर, थेट नाकाच्या वाटेला लागून असते. त्यामुळे त्याचा श्वास नाकावाटेच चालतो. नाक बंद होत गेलं तर त्याच्याकडे दुसरी धड वाट नाही. म्हणूनच ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला, तर गोष्ट फार पुढे गेली आहे असं समजायचं.

आणि हे नाकापुरतं राहत नाही. नाक चोंदलं की वास कळत नाही, वास कळेना की ससा खाणं सोडतो. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. त्यात गवताचा भरणा थांबला की आतड्यांची हालचाल मंदावते, गॅस धरतो, पोट दुखतं आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. तेव्हा आपण ज्याला सर्दी म्हणतो ती एकदोन दिवसांत पोटाचंही दुखणं होऊन बसते. बारा तासांत सशानं तोंडाला काही लावलं नसेल किंवा लेंड्याच पडल्या नसतील, तर "उद्या बघू" म्हणू नका.

यात आणखी एक अडचण आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी. रानात जो अशक्त दिसतो तो आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. कुत्रं कण्हतं, मांजर ओरडतं, ससा कोपऱ्यात गप्प बसतो. आपण म्हणतो, "आज किती शहाण्यासारखा बसलाय!" रोजचा धडपड्या ससा एक दिवस शहाणा झाला, तर त्याच दिवशी नीट बघा.

बघायचं म्हणजे काय, हे मुलांना शिकवता येतं. मुलं ते आपल्यापेक्षा मन लावून करतात. संध्याकाळी ऊन उतरलं, ससा पाय पसरून निवांत पडला की मुलाला दोन हातांवर जमिनीवर बसवा. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. नाकाकडे बघायचंच नाही, कारण सशाचं नाक वास घेण्यासाठी सारखं हलत असतं. त्या हलण्यावरून श्वास मोजायला गेलात तर फसाल. बघायची ती कूस, शेवटच्या बरगडीच्या मागची. तिथली लव किंचित वर येते आणि खाली बसते. वर येऊन खाली बसली की एक श्वास. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. निरोगी सशाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला साधारण 30 ते 60 च्या दरम्यान असतात. आठवडाभर रोज मोजून वहीत लिहिलं की आपल्या सशाचा नेहमीचा आकडा कळतो, आणि तो आकडा सगळ्यात मोलाचा. एरवी चाळिशीत असणारा ससा थंड खोलीत निवांत पडलेला असताना सत्तरीच्या वर दिसला, तर डॉक्टरांना फोन करायला तेवढं कारण पुरेसं आहे. नुकतंच बागडून झालं असेल, घाबरला असेल किंवा उकडत असेल तरीही श्वास वाढतो, म्हणून थोडं थांबून पुन्हा मोजा.

दुसरी जागा पुढच्या पायांची. ससा दोन्ही पंजांनी तोंड पुसतो. नाक गळत असलं तर तो ते लगेच पुसून टाकतो, त्यामुळे समोरून बघितलं तर नाक कोरडं दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून त्याला मांडीजवळ घेऊन पुढच्या पायाची आतली बाजू बघा, अंगठ्याच्या बाजूची. निरोगी सशाचे तिथले केस बाकी अंगासारखेच मऊ, सुटे असतात. नाक गळणाऱ्या सशाचे केस तिथे एकमेकांना चिकटून झुपके होतात, पिवळसर पडतात, वाळले की बोटाला कडक लागतात. पांढऱ्या सशात हे पटकन दिसतं. करड्या किंवा काळ्या सशात बोटानं चाचपूनच कळतं. पुष्कळदा दुखण्याचा पहिला पुरावा या पायांवरच सापडतो.

शिंका सगळ्याच वाईट नसतात. गवताची धूळ नाकात गेली, पाणी पिताना नाक बुडालं, की ससा एकदोनदा शिंकतो आणि विसरतो. पण दिवसभर अधूनमधून शिंका येत राहिल्या, शिंकेबरोबर पांढरा किंवा पिवळा शेंबूड आला, डोळे पाणावले, श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाच नाकपुडीतून अचानक शिंका सुरू झाल्या, तर गवताची काडी आत अडकल्याचीही शक्यता असते. ती चिमट्यानं काढायला जाऊ नका. मान एका बाजूला कलली, तर संसर्ग कानाच्या आत पोचला असू शकतो. तेव्हाही वेळ घालवू नका.

आणि काही लक्षणं अशी की घड्याळही बघायचं नाही, सरळ निघायचं. तोंड उघडं, मान वर ताणलेली, नाकपुड्या फुललेल्या, छातीचा भाता चाललेला, ओठ किंवा हिरड्या निळसर पडलेल्या, अंग ढिलं. अशा सशाला काही भरवू नका. सिरिंजनं पाणीसुद्धा नको, ते फुप्फुसात जाऊ शकतं. उताणा धरू नका, छातीभोवती घट्ट पकडू नका, हातोहात फिरवू नका. श्वास लागलेल्या सशाला नुसत्या भीतीनंही जीव गमवावा लागतो. हवा खेळेल अशा पेटीत टॉवेल अंथरा, त्याला पायांवर, छाती खाली टेकून बसू द्या, वरून अंधुक होईल असं फडकं टाका आणि निघा. निघताना डॉक्टरांना फोन करा, म्हणजे ते ऑक्सिजनची तयारी ठेवतील.

आता हे होतं कशानं, ते बघू. सशांच्या सर्दीमागे बहुतेक वेळा जिवाणू असतात. त्यातला सगळ्यात परिचित म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. त्याच्या जोडीला बोर्डेटेला, स्टॅफिलोकोकस यांसारखेही सापडतात. पुष्कळ वरून निरोगी दिसणाऱ्या सशांच्या नाकात पाश्चुरेला आधीपासूनच वस्तीला असतो आणि गप्प असतो. सशावर ताण आला की तो उचल खातो. बाजारातून घरी येणं, प्रवास, जागाबदल, नवा सोबती, कुत्र्याचं भुंकणं, घरातला समारंभ, हे सगळे सशासाठी ताणच. म्हणून नवा ससा आणला की दोन आठवडे, जमल्यास महिनाभर, जुन्यापासून वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याला हाताळल्यावर हात धुवा. ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवू नका. सशाला फारसा त्रास न देणारा बोर्डेटेला गिनीपिगच्या जिवावर उठतो.

जिवाणूंना मोकळीक मात्र आपल्या घरातली हवा देते, आणि इथे आपल्या हातात पुष्कळ काही आहे. एक परीक्षा करून बघा. सकाळी पिंजरा साफ करण्याआधी गुडघ्यांवर बसा आणि आपलं नाक सशाच्या नाकाच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले, नाकाला झोंबलं, तर तो लघवीतून सुटणारा अमोनिया आहे. उभ्यानं आपल्याला तो जाणवतही नाही, ससा मात्र रात्रभर त्यात श्वास घेत असतो. अमोनियानं नाकाचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं, आणि दुखावलेल्या अस्तरावर जिवाणूंचं फावतं. लघवीचा कोपरा रोज साफ करा. धुण्याला साधा पातळ व्हिनेगर चालतो, फिनेलचा उग्र वास नको. खाली अंथरायला लाकडाचा बारीक भुसा टाळा, त्याची धूळ उडते. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा तर नकोच. जुनं वर्तमानपत्र आणि त्यावर सुकं गवत हे सोपं आणि बरं.

आपल्या घरांमध्ये आणखी काय काय जळतं तेही आठवा. संध्याकाळची उदबत्ती, धूप, डास घालवायची कॉइल, मिरचीच्या फोडणीचा ठसका, गॅलरीत ओढलेली सिगारेट, दिवाळीच्या चार रात्रींचा फटाक्यांचा धूर. माणसाला जिथे एकदा खोकला येतो, तिथे त्या इवल्या फुप्फुसांचं काय होत असेल? सशाची छातीची पोकळी त्याच्या पोटाच्या मानानं फारच लहान असते. देवघर आणि सशाचा पिंजरा एका खोलीत नको, स्वयंपाकघराच्या दाराशीही नको. कॉइलऐवजी खिडकीला जाळी लावा. घराला रंग काढणार असाल, तर वास जाईपर्यंत ससा दुसऱ्या घरी राहू द्या. दिवाळीत त्याला आतल्या खोलीत, दारं लावून ठेवा.

पावसाळ्यात गवताकडे लक्ष द्या. दमट हवेत पोत्यातलं गवत आतून बुरसतं. वरचा थर छान दिसतो, हात आत घातला की कुबट वास येतो. ती बुरशी श्वासातून जाते. थोडं थोडं गवत आणा, कोरड्या जागी ठेवा, कुबट वाटलं की टाकून द्या. पिंजरा पावसाच्या झडीत आणि पंख्याच्या थेट झोतात नको, पण बंद कोंदट खोलीतही नको. हवा खेळती हवी.

उन्हाळा हे सशाचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं संकट. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. साधारण 15 ते 21 अंशांत तो सुखात असतो. पारा तिशीकडे गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे तर विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्याही पुढे जातो. उन्हाच्या गॅलरीतला पिंजरा हा सशासाठी सापळा आहे. कान लाल आणि गरम, धापा, तोंडाला लाळ, आडवं पडणं ही उष्माघाताची लक्षणं. ताबडतोब थंड खोलीत न्या, साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं कानांना लावा आणि डॉक्टरांकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. एकदम बसलेला गारठा त्याला सोसत नाही. रोजच्यासाठी कूलर किंवा एसीची खोली, बसायला फरशीचा गार तुकडा, आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवलेली बरी.

काही वेळा नाक गळण्याचं मूळ दातांत असतं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळून ते झिजायला हवेत. आपण मात्र कौतुकानं पोळी, पाव, बिस्किट, गाजर भरवतो. दात झिजत नाहीत. मग मुळं उलट दिशेनं वर सरकतात आणि डोळ्यातून नाकाकडे जाणाऱ्या अश्रूंच्या नळीवर दाब येतो. डोळा गळतो, नाक गळतं, आणि आपण सर्दीचं औषध शोधत बसतो. सशाच्या खाण्यात ऐंशी टक्के सुकं गवत हवं. त्याखेरीज रोज थोडी पालेभाजी चालते, गाजर मात्र खाऊ म्हणून चिमूटभरच. हरळी द्यायची तर फवारणी नसलेल्या जागेची, धुऊन.

मादी असेल तर एवढं लक्षात ठेवा. गर्भाशय न काढलेल्या मादी सशांमध्ये तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग पुष्कळ आढळतो, आणि तो फुप्फुसात पसरतो. अशी मादी धापा टाकत येते तेव्हा करण्यासारखं फार उरत नाही. म्हणून तरुण वयातच शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांशी बोला.

आता त्या सिरपकडे वळू. मुलांना सर्रास मिळणारं ॲमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं, तर ते त्याच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारतं. सशाच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक मोठी पिशवी असते. गवत पचवण्याचं काम तिथले जिवाणू करतात. ते मेले की घातक जिवाणू माजतात, विष सोडतात, जुलाब लागतात आणि काही दिवसांत ससा दगावतो. अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांचंही तसंच. काही औषधं सुईवाटे चालतात पण तोंडावाटे घात करतात, इतकं हे नाजूक आहे. म्हणून शेजारच्यांच्या कुत्र्याचं औषधसुद्धा नको. आपले नाकात घालायचे थेंब, बाम, ओव्याची पुरचुंडी, गरम पाण्याची वाफ, यातलं काही नको. उष्णतेनं आणि धरपकडीनं अपायच होतो. तुम्ही करायचं ते एवढंच: ओल्या मऊ कापडानं नाक पुसून मोकळं ठेवा, खोली गार आणि शांत ठेवा, समोर कोथिंबिरीसारखी वासाची पालेभाजी ठेवा, आणि डॉक्टर गाठा.

डॉक्टर मात्र आधीच शोधून ठेवायला हवेत. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघतात असं नाही. "तुम्ही ससे बघता का? रात्री गरज पडली तर कुणाकडे जायचं?" हे आज फोन करून विचारा आणि दोन नंबर फ्रिजवर चिकटवा. मुंबईत परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांचे दवाखाने आहेत. जवळ कुणी नसेल, तर आपल्या भागातल्या डॉक्टरांना अशा ठिकाणी सल्ला विचारता येतो. तपासायला गेलात की डॉक्टर नाकातला नमुना तपासणीला पाठवतील, छातीचा आणि डोक्याचा एक्स-रे सांगतील, दात बघतील. औषध कित्येक आठवडे चालू शकतं. दोन दिवसांत शिंका थांबल्या म्हणून ते बंद करू नका. काही सशांचं दुखणं पूर्ण जात नाही, अधूनमधून डोकं वर काढतं. तरीही स्वच्छ हवा, गवत आणि वेळेवर औषध मिळालं, तर ते वर्षानुवर्षं चांगले जगतात.

शेवटी मुलांबद्दल. ससा आजारी पडला की "तू लक्ष दिलं नाहीस, म्हणून झालं" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. आठ-नऊ वर्षांचं मूल ते मनात खोल ठेवतं, आणि ते खरंही नसतं. उलट त्याला काम द्या. श्वास मोजायचा, वहीत लिहायचं, आज किती खाल्लं, लेंड्या किती आणि केवढ्या, ते बघायचं. औषध देणं मोठ्यांचं, पण डॉक्टरांना वही दाखवणं त्याचं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणपाण्यानं धुवायची आणि लगेच सांगायचं, हेही शिकवा. सशाच्या तोंडातले जिवाणू माणसाच्या जखमेत संसर्ग करू शकतात. मुलाला दम्याचा त्रास असेल तर गवताची धूळ आणि केस सोसतील का, हे त्याच्या डॉक्टरांना ससा आणण्याआधी विचारा. आणि ससा वाचला नाही, तर "गावाला पाठवला" असं सांगू नका. खरं सांगा, त्याच्याजवळ बसा, रडू द्या. आपण केलेल्या काळजीला काही अर्थ होता, एवढं त्याला कळू द्या.

ज्यांच्या घरी ससा अजून यायचाय, त्यांनी हे सगळं वाचून मग ठरवावं. चांगला सांभाळला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. आज तिसरीत असलेलं मूल तोवर बारावीला गेलेलं असेल, आणि क्लासच्या दिवसांत लघवीचा कोपरा तुम्हालाच साफ करावा लागेल. ते मनापासून जमणार असेल तर जरूर आणा, आठ आठवड्यांहून लहान पिल्लू मात्र घेऊ नका. जमणार नसेल, तर मुलाला प्रेमानं नाही म्हणा, आणि का ते समजावून सांगा. ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनी आज संध्याकाळी मुलाला जवळ बसवून पहिला आकडा वहीत लिहावा.